घोटाळ्यांच्या नावांमागे 'गेट' का लावतात? त्याचा दरवाजाशी काही संबंध आहे का?

तुम्ही 'मंकीगेट', 'कोलगेट' या नावांबद्दल विचारलंय. यातल्या 'गेट'चा अर्थ दरवाजा नाही. तो एका इमारतीच्या नावाचा मोडून घेतलेला तुकडा आहे.

वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीकाठी वॉटरगेट नावाचं संकुल आहे. १९७२ साली तिथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीचं कार्यालय होतं. १६-१७ जूनच्या रात्री फ्रँक विल्स या रखवालदाराला एका दाराच्या कडीवर चिकटपट्टी दिसली, दार लॉक होऊ नये म्हणून लावलेली. त्याने ती काढली. पुढच्या फेरीला येतो तर पुन्हा पट्टी! त्याने पोलिसांना फोन लावला आणि आत पाच जण सापडले. धागेदोरे प्रतिस्पर्धी रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या निवडणूक समितीपर्यंत गेले, प्रकरण दडपायचा प्रयत्न उघड झाला आणि ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांना पायउतार व्हावं लागलं.

तोवर 'वॉटरगेट' हे त्या भानगडीचंच नाव झालं होतं. मग त्याचं शेपूट तोडून इतर प्रकरणांना जोडायला सुरुवात झाली: कोरियागेट, इराणगेट. हा प्रत्यय रुळवण्यात स्तंभलेखक विल्यम सफायर यांचा मोठा हात होता, आणि ते आधी निक्सन यांचेच भाषणलेखक होते! प्रत्येक बारीकसारीक भानगडीला 'गेट' म्हटलं की मूळ गुन्हाही किरकोळ वाटू लागतो, अशी टीका त्यांच्यावर झाली.

इंग्रजीत असे तुकडे बरेच आहेत. 'हॅम्बर्गर' हा हॅम्बुर्ग शहरावरून आलेला शब्द. त्यातला 'बर्गर' सुटा झाला आणि चीजबर्गर, व्हेजबर्गर तयार झाले. भाषाशास्त्रज्ञ अर्नोल्ड झ्विकी यांनी अशा सुट्या झालेल्या तुकड्यांना 'लिबफिक्स' असं नाव दिलंय.

आपल्याकडे २००८ च्या सिडनी कसोटीत हरभजन सिंगने ऑस्ट्रेलियाच्या सायमंड्सला 'मंकी' म्हटल्याच्या आरोपाचं प्रकरण 'मंकीगेट' झालं. २०१२ मध्ये कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालानंतर गाजलेलं कोळसा खाणपट्ट्यांचं प्रकरण 'कोलगेट'. टूथपेस्टच्या नावाशी उच्चार जुळल्यामुळे ते चटकन तोंडी बसलं. मला मात्र हे खटकतं. मैदानावरची बाचाबाची आणि देशाच्या खनिजांचं वाटप, दोन्हींना एकच शेपूट कसं लावायचं? मराठी वर्तमानपत्रांनी सरळ 'कोळसा घोटाळा' लिहावं. निदान कशात घोटाळा झाला ते तरी वाचणाऱ्याला कळतं.