चार्ट पाठ करण्याआधी बफर करून बघा

तुमचा प्रश्न: बायोकेमिस्ट्रीचा पहिला कोर्स आधीच्या विद्यापीठात झालाय, नव्या ठिकाणी थेट पुढच्या पातळीला यायचंय, हातात तीन महिने आहेत, तर मेटाबोलिझमचे चार्ट पाठ करू का? नका करू. चार्ट कित्येकदा प्रश्नपत्रिकेसोबतच छापून देतात. विचारतात ते असं: हा एन्झाइम बंद पडला तर कोणता पदार्थ तुंबेल, नि का?

आधी आकडेमोड हातात बसवा. समजा 1 लिटर 50 मिलिमोलर ट्रिस बफर (पीएच टिकवून धरणारं द्रावण) करायचाय. रेणूभार 121.14, म्हणजे 6.06 ग्रॅम. साधारण 800 मिलिलिटर पाण्यात विरघळवा, हायड्रोक्लोरिक ॲसिडने पीएच 8.0 वर आणा, मगच 1 लिटरची खूण गाठा. इथवर बहुतेकांना जमतं. गोम तापमानात आहे. तापमान वाढलं की ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे 0.03 उतरतो. 25 अंशांवर 8.0 लावलेला बफर 4 अंशांच्या कोल्डरूममध्ये 8.6 च्या आसपास असतो आणि 37 अंशांवर 7.7 च्या. मग एन्झाइम 'खराब निघाला' म्हणून आठवडा वाया जातो. ज्या तापमानाला वापरणार, त्याच तापमानाला पीएच लावा.

दुसरं, कायनेटिक्स, म्हणजे एन्झाइमच्या कामाचा वेग मोजणं. एनएडीएच हा कोएन्झाइम (एन्झाइमचा मदतनीस रेणू) 340 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो; त्याचा मोलर शोषण गुणांक 6220. 1 सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (नमुन्याच्या पारदर्शक नळीत) शोषणात मिनिटाला 0.1 बदल दिसला, तर वेग मिनिटाला सुमारे 16 मायक्रोमोलर. हे कागद-पेन घेऊन झटकन यायला हवं. वेग सुरुवातीच्या सरळ भागातूनच काढा. सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतो तो पदार्थ) संपत आला की रेषा वाकते. लाइनवीव्हर-बर्क आलेख (वेग आणि सबस्ट्रेट दोन्ही 1 भागिले करून काढलेला) समजण्यापुरता ठीक, पण त्यातून केएम (वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ती सबस्ट्रेटची मात्रा) काढू नका. कमी सबस्ट्रेटच्या बिंदूंमधली बारीकशी चूक उलट्या आकड्यांत फुगते आणि अख्खी रेषा ओढून नेते. मूळ आकड्यांवरच वक्र बसवा.

ऑरगॅनिक केमिस्ट्री कच्ची असेल तर उरलेला सगळा वेळ तिकडे घाला. पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइड निघताना मागे उरलेले इलेक्ट्रॉन थायमिन पायरोफॉस्फेट हा कोएन्झाइम सांभाळून घेतो. हे इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते बाण काढून दाखवता आलं, की अर्धे कोएन्झाइम आपोआप उलगडतात.

पुस्तक जुनं असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे 38 एटीपी (पेशीचे ऊर्जा पुरवणारे रेणू) छापलेले असतील. आता 30 ते 32 धरतात.

आणि आधीच्या कोर्सचं क्रेडिट मागताना नुसती मार्कशीट पाठवू नका. विषयवार अभ्यासक्रम, प्रॅक्टिकलचे तास लिहिलेला, विद्यापीठाच्या शिक्क्यासह जोडा. कोर्सच्या नुसत्या नावावरून पातळी कळत नाही, मग पहिलाच कोर्स पुन्हा करायला लावतात.