चित्रपट-कादंबऱ्यांत शास्त्रज्ञ नेहमी विक्षिप्तच का असतो?

चित्रपट-कादंबऱ्यांतला शास्त्रज्ञ एक तर विस्कटलेल्या केसांचा विक्षिप्त माणूस असतो, नाही तर जग बुडवायला निघालेला खलनायक. याहून वेगळे, खरे वाटणारे चित्रण कुठे आहे का, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केले असल्यामुळे हा प्रश्न मला जवळचा वाटतो.

विक्षिप्तपणा मला फारसा खटकत नाही, कारण तशी माणसे आमच्यातही असतात. खटकते ते हे की, पडद्यावरच्या शास्त्रज्ञाला आपले काम कधी पडताळून पाहावे लागत नाही. नळीतल्या द्रवाचा रंग बदलला की शोध लागला! पेशींच्या वाढीत बुरशी शिरली म्हणून दोन महिन्यांचे काम टाकून देणारा, सहकाऱ्याने काढलेल्या शंकेपायी रात्रभर नोंदवही चाळत बसणारा माणूस कथेत क्वचितच भेटतो. या साच्याचे खापर मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’वर फोडले जाते, ते मला अन्यायाचे वाटते. त्या कादंबरीतला व्हिक्टर हा साधा विद्यार्थी आहे, आणि त्याचा खरा अपराध असा की तो आपले काम सर्वांपासून लपवतो आणि आपणच जन्माला घातलेल्या जिवाला वाऱ्यावर सोडतो. कुबडा मदतनीस आणि विजांचा कडकडाट आपल्या मनात ठसले, ते १९३१ सालच्या चित्रपटामुळे.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर मी तपन सिन्हा यांच्या १९९० सालच्या ‘एक डॉक्टर की मौत’ या हिंदी चित्रपटाचे देईन. पंकज कपूर यांनी त्यात कुष्ठरोगावरची लस शोधणारा सरकारी डॉक्टर उभा केला आहे. नोकरी सांभाळून घरीच चालणारे संशोधन, वरिष्ठांचा हेवा, दूरच्या गावी झालेली बदली आणि शबाना आझमी यांनी साकारलेल्या पत्नीचा एकटेपणा, हे सारे त्यात आहे. संशोधनाची किंमत घरातली माणसेही मोजतात, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारे चित्रण मी दुसरे पाहिलेले नाही.

या कथेमागे कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय आहेत; चित्रपटात लस आहे, त्यांचे खरे काम मात्र टेस्ट ट्यूब बेबीचे होते. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, म्हणजे शरीराबाहेर फलन घडवून जन्मलेले मूल, २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मली आणि त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ‘दुर्गा’ जन्मली. त्यांनी तर भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवून मग गर्भाशयात सोडला होता. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा मानला नाही, जपानला जाऊन काम मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही, बदल्या होत राहिल्या आणि जून १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

चित्रपटाविषयी माझा एक आक्षेप मात्र आहे. त्यात शंका घेणारे जवळजवळ सगळेच क्षुद्र मनाचे दिसतात. नवा दावा आला की पुरावा मागणे हे विज्ञानाचे कामच आहे आणि मुखोपाध्याय यांना प्रश्न विचारले गेले, यात काही वावगे नव्हते. अन्याय झाला तो त्या प्रश्नांची उत्तरे जाणकारांपुढे मांडायची वाटच बंद केली गेली म्हणून. हा फरक प्रेक्षकापर्यंत पोहोचला नाही तर शास्त्रज्ञ म्हणजे छळला जाणारा एकांडा शिलेदार, असा आणखी एक साचा तयार होतो.

या कथेचा पुढचा भाग चित्रपटानंतर घडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेली हर्षा ही भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानली जात होती. त्या यशाचे मानकरी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार. पुढे मुखोपाध्याय यांची कागदपत्रे आनंद कुमार यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने तपासली, दुर्गाच्या आईवडिलांशी ते बोलले आणि १९९७ साली ‘करंट सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात त्यांनी स्वतःच लिहिले की, पहिलेपणाचा मान मुखोपाध्याय यांचा आहे. मला पडद्यावर पाहायचा आहे तो हा प्रसंग: समोर दिवंगत सहव्यावसायिकाच्या नोंदी उघडलेल्या आहेत, त्या खऱ्या ठरल्या तर आपला पहिला क्रमांक जाणार हे ठाऊक आहे, आणि तरीही हा माणूस पुढचे पान उलटतो.