रेस सोडली तरी गाडी पळते

प्रश्न : भाऊ, नमस्कार. आमची गाडी २०१३ची आहे, शंभर सीसीची. रोज सकाळी दूध घेऊन मी चार किलोमीटरवरच्या डेअरीवर जाते आणि तिथून तशीच वावरात. पोळ्यानंतर रेस अडकायला लागली. मूठ सोडली तर आपोआप मागे येत नाही, हातानं फिरवून आणावी लागते. गावातल्या मिस्त्रींनी केबलमध्ये इंजिन ऑईल टाकून दिलं. दोन दिवस बरी चालली, मग परत तेच. मागच्या आठवड्यात रपट्यावर (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर) गाडी आवरेना, पुढचं चाक दगडावर आदळलं, अर्धं दूध सांडलं. घरचे म्हणतात, गाडी म्हातारी झाली, विकून टाकू. खरंच विकावी लागेल का? (वाचक भगिनी, ता. कळंब, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, गाडी विकू नका. पण दुरुस्त होईपर्यंत त्या रपट्यावरून नेऊही नका. चार दिवस दूध दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवा.

आधी हे शिकून घ्या. रेस अडकली की पहिलं काम क्लच दाबायचं. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. क्लच दाबलेला असेपर्यंत त्याचा जोर चाकाकडे जात नाही. मग दोन्ही ब्रेक दाबायचे आणि चावी बंद करायची. चावी फक्त ऑफपर्यंत फिरवायची, हँडल लॉककडे न्यायची नाही. गाडीला किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) असेल तर उजव्या अंगठ्यानं तोच दाबा. घाबरलं की माणूस ब्रेक दाबतो आणि क्लच विसरतो, म्हणून अंगणात डबल स्टँडवर गाडी लावून, इंजिन बंद ठेवून दहा-बारा वेळा हात बसवा. घरात जो जो गाडी चालवतो त्यालाही करायला लावा.

आता दोष कुठे आहे ते बघू. तुम्ही लिहिलंत की मूठच मागे येत नाही. या एका वाक्यानं माझं अर्धं काम केलं. रेस अडकण्याचे दोन प्रकार असतात. एकात मूठ अडकते. दुसऱ्यात मूठ नीट मागे येते, पण इंजिनाचा आवाज उतरत नाही. दुसऱ्या प्रकारात कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि इंजिन यांच्यामधला जोड तपासायचा. तिथलं रबर चिरलं किंवा पॅकिंग गेलं की तिथून हवा ओढली जाते आणि स्लो, म्हणजे मूठ सोडल्यावरचा इंजिनाचा वेग, चढलेलाच राहतो. तुमचा पहिला प्रकार आहे, म्हणून शोध मुठीपासून सुरू करायचा आणि केबलवरून खाली कार्बोरेटरकडे यायचं.

गाडी डबल स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये चालू करून स्लोवर ठेवा. हँडल सावकाश पूर्ण डावीकडे न्या, मग पूर्ण उजवीकडे. वळवताना आवाज चढला तर केबल कुठेतरी ताणली किंवा दबली जातेय. यंदा माझ्याकडे अशा तीन गाड्या आल्या. एकीत हेडलाइटची नवी वायर बांधताना रेसची केबल तिच्यासोबतच करकचून बांधली होती. बाकी दोघींत केबलमध्ये काहीच दोष नव्हता, हँडलला अडकवलेल्या थैलीचा बंद केबलवर बसत होता. तुमच्या कॅन कशा बांधता तेवढं बघून घ्या. हँडलला काहीही लटकवू नका, औषधाची बाटलीसुद्धा नाही.

मग मूठ बघा. गाडी कधी उजव्या अंगावर पडली असेल तर मुठीचं रबर आत सरकतं आणि स्विचच्या डबीला घासतं. दोन्हींच्या मध्ये एक-दोन मिलिमीटरची फट दिसली पाहिजे. डबीचे खालचे दोन स्क्रू काढले की ती उघडते, केबलची घुंडी (तारेच्या टोकाचा गोळा) खाचेतून सुटते आणि मूठ बाहेर येते. आतला पाइप रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं पुसून कोरडा करा. पडून त्याला पोचा आला असेल तर मूठ तिथेच धरते, ते काम गॅरेजचं. ग्रीस थापायचं नाही, घुंडीला बोटाच्या टोकाएवढं लावलं तरी पुष्कळ झालं.

आता केबल. इंजिन ऑईल घातल्यावर दोन दिवस बरं वाटलं आणि परत अडकली, म्हणजे दोष केबलमध्येच असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे आश्विन-कार्तिकात हवेत काय काय उडतं ते तुम्ही रोज बघता : पांदणीचा फुफाटा, हडंब्यातून (मळणी यंत्रातून) उडालेला सोयाबीनचा भुसा, कुटार. जाड तेलाला हे सगळं चिकटतं. अशा केबलचं वरचं कव्हर मी कितीदा तरी उभं चिरून बघितलंय. आत काळा लगदा असतो, काजळात माती कालवल्यासारखा. पहाटे थंडी पडली की तो आणखी घट्ट होतो. केबलमध्ये पातळ तेलच घालायचं, शिलाई मशीनचं चालतं.

मात्र तेल घालण्याआधी तार तुटायला लागली आहे का ते बघा. याची तपासणी आपल्या भागात फुकट होते. पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्बोरेटरचं वरचं झाकण हातानं फिरवून सोडवा. स्प्रिंग, निडल (सुई) आणि स्लाइड (रेसबरोबर वर-खाली होणारा दट्ट्या) एकत्र वर येतील. स्प्रिंग दाबून तारेचं टोक स्लाइडमधून सोडवा. मग चिमूटभर कापूस घ्या आणि तारेची दोन्ही टोकं त्यातून हळूच ओढा. घुंडीजवळ जास्त लक्ष द्या, कारण तार रोज तिथेच वाकते. आतला एखादा पदर तुटला असेल तर बाभळीच्या काट्यासारखा उभा राहतो आणि कापसाचा तंतू त्याला अडकतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते कापूस दाखवतो. एक जरी तंतू अडकला तर त्या केबलला तेल घालत बसू नका, नवी टाका.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. २००९ साली बाजाराच्या दिवशी एक कास्तकार अशीच गाडी घेऊन आला. पदर तुटलेला दिसला, पण दुकानात नवी केबल नव्हती आणि त्याला अंधाराआधी गावी पोचायचं होतं. मी पक्कडीनं तो पदर कापला, तेल सोडलं आणि पुढच्या बाजारी या म्हणालो. पुढचा बाजार यायच्या आत पांदणीत दुसरा पदर तुटून केबलच्या तोंडात फसला. गाडी कुटाराच्या बंडीवर गेली, त्याच्या गळ्याचं हाड मोडलं. त्यानं मला कधी बोल लावला नाही. पण चूक माझी होती. त्यानंतर पदर तुटलेली केबल बसवून मी एकही गाडी दिली नाही, रात्र झाली तरी.

पदर सगळे शाबूत असतील तर केबल काढून खिळ्याला उभी टांगा. प्लास्टिक पिशवीचा कोपरा कापून तिच्या वरच्या टोकाला सुतळीनं नरसाळ्यासारखा बांधा, त्यात दोन चमचे पातळ तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी खालच्या टोकातून पहिल्यांदा काळं तेल येईल. स्वच्छ येईपर्यंत थोडं थोडं घालत राहा, मधूनमधून तार वर-खाली ओढा. काही केबलना आतून नायलॉनचं अस्तर असतं, त्यांना तेल लागत नाही; त्या जड झाल्या की बदलायच्या.

तार मोकळी सरकतेय, मूठही मोकळी फिरतेय, तरी जोडल्यावर अडकतं, असं झालं तर दोष स्लाइडमध्ये. एअर फिल्टर फाटला की धूळ थेट तिच्यापर्यंत येते. स्लाइड आणि तिचं घर पेट्रोलच्या फडक्यानं पुसा, पॉलिश पेपर अजिबात मारू नका. स्प्रिंग मऊ पडली असेल तर बदला. परत बसवताना स्लाइडची उभी खाच आतल्या खिळीवर बरोबर बसली पाहिजे. उलटी बसली तर स्लाइड खाली जात नाही आणि किक मारताच गाडी पूर्ण रेसमध्ये ओरडते. झाकण पक्कडीनं आवळू नका.

सगळं जोडल्यावर, इंजिन बंद असताना, हँडल सरळ, डावीकडे आणि उजवीकडे ठेवून मूठ पूर्ण फिरवून सोडा. तिन्ही वेळा ती टक्कन परत आली पाहिजे. मुठीला सुरुवातीला दोन ते सहा मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. ही परीक्षा पास झाल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही.

प्रश्न : माझी गाडी २०२१ची, इंजेक्शनवाली. सकाळी सुरू केली की मूठ सोडलेली असूनही आवाज चढलेला राहतो. तुम्ही पूर्वी एका उत्तरात सांगितल्याप्रमाणे स्क्रू फिरवून स्लो कमी करू का? (वाचक, वणी)

उत्तर : नाही. ते उत्तर कार्बोरेटरच्या गाडीसाठी होतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाड्यांच्या धुराचा नियम) लागू झालं आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. तुमच्या गाडीत पेट्रोलचं माप कॉम्प्युटर ठरवतो. थंड इंजिन सुरू केल्यावर थोडा वेळ आवाज चढा राहणं हे त्याचं ठरलेलं काम आहे, गरम झाल्यावर तो उतरतो. गरम झाल्यावरही उतरत नसेल किंवा मीटरवर इंजिनाचा दिवा लागत असेल तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून, मशीन लावून तपासून घ्या. स्क्रूला हात लावू नका. मूठ आणि केबलबद्दल वर ताईंना जे लिहिलं ते मात्र तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : गाडी दिवसाला पंधराच किलोमीटर चालते, पण सगळी पांदणीत. पुस्तिकेतल्या किलोमीटरप्रमाणे सर्व्हिसिंग केली तर चालेल? (कास्तकार वाचक, ता. समुद्रपूर)

उत्तर : पुस्तिकेतला आकडा चांगल्या रस्त्यासाठी आहे, धूळ-चिखलात लवकर करा, असं बहुतेक पुस्तिकांतही लिहिलेलं असतं. तुमची गाडी किलोमीटर कमी खाते आणि माती जास्त. ऑईल मी तुम्हाला दोन हजारांवर बदलायला सांगेन, आणि तेवढे झाले नाहीत तरी पावसाळा संपताच एकदा. पातळी बघताना गाडी सपाट जागी डबल स्टँडवर हवी. बहुतेक शंभर सीसी गाड्यांत ऑईल मोजायची पट्टी पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून बघतात. आटे फिरवून बघितलं तर कमी असलेलं ऑईलही पुरेसं दिसतं.

एअर फिल्टर उघडा. स्पंजाचा असेल तर रॉकेलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा, थोडं ऑईल लावून पिळा. कागदाचा असेल तर धुवायचा नाही. काही कागदी फिल्टर कंपनीतूनच तेलकट येतात. ते झटकायचेही नाहीत, सरळ बदलायचे.

काळ्या मातीचं सांगतो, कारण आपल्या गाड्यांना सगळ्यात जास्त त्रास तीच देते. मडगार्डमध्ये चिखल बसतो, वाळून विटेसारखा होतो आणि चाक घासायला लागतं. ओला असतानाच काडीनं काढा. वॉशिंगच्या फवाऱ्याची धार चाकाच्या मधोमध, चेनच्या कव्हरवर किंवा फिल्टरच्या डब्यावर धरू देऊ नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. नाला ओलांडल्यावर पन्नास-शंभर पावलं ब्रेक हलका दाबत चला, ब्रेकचे लायनर वाळतात.

चेन खालच्या बाजूला मधोमध दाबून बघा. अडीच-तीन सेंटिमीटर हलली तर ठीक, पण चाक फिरवून चार ठिकाणी बघा. एका जागी घट्ट आणि एका जागी सैल लागली तर चेन सेट झिजला. इंजिनातून काढलेलं जळकं ऑईल चेनवर ओतायची आपल्याकडे फार सवय आहे. त्यात धातूची बारीक कीस असते आणि वरून पांदणीची माती बसते. नव्वद नंबरचं गिअर ऑईल लावा, दहा मिनिटं थांबा आणि वरवरचं सगळं फडक्यानं पुसून काढा.

चिखलासाठी टायरमधली हवा कमी केली असेल तर खताचं पोतं लादायच्या आधी ती परत भरून घ्या.