सोसायटीच्या आवारात गुंठाभर जागा रिकामी पडली आहे, काय करता येईल?

पार्किंग मात्र करू नका! कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान बंद पडलेल्या डम्पिंग ग्राउंडवर उभं राहिलंय, तुमची तर चांगली जागा आहे.

मी फुलपाखरांची बाग केली असती. नुसती फुलझाडं लावून भागत नाही, अळ्यांना खायला पानं लागतात. कढीपत्ता, लिंबू आणि रुई लावा. कढीपत्त्यावर आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी येते, मोठी झाली की हिरवीगार होते. पोरं तासन्‌तास बघत बसतील. पानं कुरतडली म्हणून फवारणी अजिबात नको. कडेने मांडव घालून पावसाळ्यात दोडका, पडवळ चढवा. त्याआधी जमिनीतला डेब्रिज काढून लाल माती आणि शेणखत घाला, आणि कमिटीची लेखी परवानगी घ्या.