खानापूरच्या डोंगराळ भागात दहा एचएफ गायींचा गोठा परवडेल का?

विचारणाऱ्याला बेळगावच्या उद्यमबागमधली नोकरी सोडून खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या गावी दहा एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन, विदेशी जातीच्या) गायींचा गोठा घालायचाय, आणि पुढच्या काळात डोंगरातला हा धंदा टिकेल का हेही जाणून घ्यायचंय. एकानं आधीच उत्तर दिलंय, ‘डोंगरात जनावर म्हणजे तोटाच.’ ते वाचलं आणि राहवलं नाही. तोटा डोंगरामुळे होत नाही, भाकड दिवसांमुळे होतो, म्हणजे जनावर खातं पण दूध देत नाही त्या दिवसांमुळे.

गायींचं आधी सांगतो : दहा एचएफ घेऊ नका, त्याऐवजी म्हशी बघा.

आता हिशेब. एक साधी म्हैस घ्या, पंढरपुरी किंवा धारवाडी वळणाची. ३०० दिवसांच्या वेताला (एकदा व्याल्यावर आटेपर्यंत) १,४०० लिटर आणि लिटरला ५० रुपये धरा, ७०,००० झाले. अंग टिकवायला दीड किलो आणि दोन लिटर दुधामागे एक किलो असं आंबोण (पेंड-भुशाचं खाद्य), म्हणजे दुधात असताना रोज चार किलो. ३० रुपये दरानं ३०० दिवसांचे ३६,००० गेले. वैरण विकत घेतली तर रोजचे ४० रुपये, भाकड काळात वर दीड किलो आंबोणाचे ४५. दोन वेतांत १४ महिने अंतर असेल तर १२६ दिवस भाकड, आणि हातात साधारण ११,३०० उरतात. तीच म्हैस, तेवढंच दूध, पण अंतर २० महिन्यांवर गेलं तर ३०८ दिवस भाकड आणि ४,२०० रुपये तोटा. सरकारचं लिटरला ५ रुपये प्रोत्साहनधन धरलं तर ७,००० वाढतात, पण ते मागून जमा होतं आणि सोसायटीला दूध घातलं तरच मिळतं. पेंडीची उधारी त्यावर भागवायला जाऊ नका.

हाच वाद माझा आणि चुलतभावाचा कित्येक वर्षं चाललाय. तो लिटर सांगतो, मी तारखा विचारतो. त्याच्या गोठ्यात १४ लिटरची एचएफ आली. गोठा जुना, दगडी भिंतीचा, सांधे उघडे. मृगाचा पाऊस लागल्यावर गाय आत बांधून राहिली आणि गोचीड वाढले. त्यानं औषध गाईच्या अंगावर मारलं, भिंतीवर मारलं नाही. गोचिडाची मादी रक्त पिऊन खाली पडते आणि अंडी घालते ती भिंतीच्या फटीत. गाय धुतली तरी पंधरा दिवसांत गोठा पुन्हा भरतो. गाईला १०५ डिग्री ताप चढला, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी झाली, डोळ्यांची आतली कातडी पांढरी पडली. हा थायलेरिया, गोचिडातून होणारा रोग. यावर ब्युपारव्हाक्वोनचं इंजेक्शन लागतं आणि ते पहिल्या दोन दिवसांत पडलं तर उपयोग. इथे चार दिवस साध्या तापाची औषधं चालली. गाय जगली, दूध तीन लिटरवर आलं, आणि पुढे नऊ महिने ती माजावर (गाभण राहायच्या तयारीला) आली नाही. दूध गेलं ते सगळ्यांना दिसलं, नऊ महिने कोणी मोजले नाहीत.

म्हणून गोठ्याच्या फटी सिमेंटनं भरून चुना मारा. डेल्टामेथ्रिन हे गोचिडाचं औषध (सव्वा टक्क्याचं, १.२५%) लिटरला दोन मिली घेऊन जनावर आणि भिंत एकाच दिवशी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. फवारायच्या आधी जनावराला पोटभर पाणी पाजा आणि अंग वाळेपर्यंत चाटू देऊ नका. म्हशीला थायलेरियाचा त्रास खूपच कमी. २०२२ च्या लम्पीच्या साथीतही गायी पडल्या, म्हशी बहुतेक निभावल्या.

म्हशीची अडचण दुसरीच, तिचा माज मुका असतो. गाईसारखी ती हंबरत नाही. पहाटे धारेला बसल्यावर पान्हा चोरते, सारखी थोडं थोडं मुतते, बसली की खाली काचेसारखी बळस (माजाचा चिकट स्राव) पडलेली असते. ती बळस बघायला पहाटे आणि रात्री झोपताना बॅटरी घेऊन गोठ्यात जावंच लागतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा (रेतन करून घ्या). व्याल्यापासून ६० ते ९० दिवसांत भरली पाहिजे. माज हुकला की २१ दिवस गेले, म्हणजे वरच्या हिशेबानं ८५ रुपये रोज, एका हुकण्याला जवळपास १,८०० रुपये. भाद्रपदात व्यालेली म्हैस दिवाळीनंतर थंडीत नीट माजावर येते. तो हंगाम सुटला तर उन्हाळ्यात अंगावर दोनदा पाणी मारूनही भरवसा नाही.

वैरणीत आपल्याकडे पिंजर (भाताचा पेंढा) मुबलक, पण त्यात दम नाही. १०० किलो पिंजराला चार किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडा, तुडवा, ताडपत्रीनं हवाबंद करून २१ दिवस ठेवा. खडा राहिला तर विषबाधा होते. काढल्यावर तासभर पसरून वास जाऊ द्या, सहा महिन्यांच्या आतल्या रेडकाला देऊ नका. कापणीत भिजून काळी बुरशी धरलेलं पिंजर मात्र कशानंच सुधारत नाही. ते खाऊन म्हशीच्या शेपटीचा शेंडा आणि कानांची टोकं सडतात. पावसाळ्यात हिरव्या गवतात नुसतं पाणी असतं. सकाळी आधी दोन किलो कोरडं पिंजर आणि मग हिरवं दिलं नाही तर फॅट घसरते आणि डेअरीत दर कापला जातो. भाताच्या पाण्यात चरणाऱ्या जनावराला गोगलगायीतून लिव्हर फ्लूक (यकृतातला जंत) होतो. जबड्याखाली पाणी उतरलेलं दिसेपर्यंत थांबू नका, पावसाळा संपताच डॉक्टरकडून डोस घ्या.

पुढच्या काळाचं बोलायचं तर तीन गोष्टी आधीच बदलल्यात. भीमगड अभयारण्याच्या बाजूला रानातली चराई आटत चाललीय, त्यामुळे गवळी-धनगरांसारखं फुकटच्या चाऱ्यावर कळप ठेवणं तुम्हाला जमणार नाही. तालुक्याच्या पूर्वेला ऊस वाढला. तिथे हंगामात वाडं (उसाचे हिरवे शेंडे) मिळतं, पण नुसत्या वाड्यावर ठेवलं की अंगातलं कॅल्शियम कमी होतं, रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण हवंच. आणि २०२१ पासून कर्नाटकात गाय, बैल, खोंड कोणत्याही वयाचं असो, कत्तलीला देता येत नाही. १३ वर्षांवरच्या म्हशीला तेवढी परवानगी मिळू शकते. कायद्याबद्दल तुमचं मत काहीही असो, एचएफचा खोंड आणि म्हातारी गाय शेवटपर्यंत पोसायचा खर्च पहिल्याच दिवशी मांडा. गायी ठेवणारच असाल तर निदान लिंगनिश्चित वीर्य वापरा, दहात नऊ कालवडी होतात.

माझं मत : चार म्हशी, अर्धा एकर संकरित नेपिअर गवत, थोडं दशरथ गवत, आणि दोघी गाभण तर दोघी दुधात असा क्रम. बेळगावात घरोघरी रतीब किंवा कुंद्याच्या (बेळगावी मिठाईच्या) खव्याला दूध देता आलं तर डेअरीपेक्षा दर बरा पडतो, पण रोज पहाटे गाडी नेणारा माणूस लागतो. शेणखताचं उत्पन्न वेगळं लिहून ठेवा.

हे सगळं पश्चिमेच्या पावसाळी पट्ट्यासाठी आहे. काकतीकडे, कोरड्या बाजूला, बोअरचं पाणी आणि जवळ डॉक्टर असेल तर दोन-तीन गायी चालतील. दरही तुमच्या डेअरीचे घालून पुन्हा मांडा. आणि वरच्या हिशेबात मजुरी धरलेली नाही. चार म्हशींना दिवसाचे पाच-सहा तास लागतात आणि बहुतेक घरांत ते आई आणि बायकोच्या अंगावर पडतात. नोकरी सोडायच्या आधी त्या दोघींना विचारा.

म्हैस घ्यायला जाल तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वेताची बघा. संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची धार समोर काढून घ्या, चारही सड हातानं तपासा. मग मालकाला मागच्या दोन वेतांच्या तारखा विचारा. त्या सांगता आल्या नाहीत तर दूध कितीही असलं तरी तिचं दावं हातात घेऊ नका.