लोणचे, कुंदा आणि उशिरा आलेली गाडी

प्रश्न : आम्ही दोघे खानापूरहून रेल्वेने मुंबईला आणि तेथून विमानाने फ्रँकफर्टला लेकीकडे गेलो. गाडी उशिरा पोहोचल्याने धावपळ झाली, त्यात हातातल्या पिशवीतली लोणच्याची बरणी विमानतळावर काढून घेतली. पुढच्या खेपेला काय काळजी घ्यावी?

उत्तर : तेलात बुडालेले लोणचे सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थातच मोडते, आणि 100 मिलिलिटरची मर्यादा आतल्या लोणच्याला नसून बरणीच्या मापाला असल्यामुळे तळाशी चार फोडी उरल्या आहेत ही सबब चालत नाही. बरणीच्या झाकणाला चिकटपट्टी लावून, ती दुहेरी पिशवीत बांधून मोठ्या बॅगेत ठेवावी. पॉवर बँक मात्र उलट, हातातल्या सामानातच हवी. बेळगावी कुंद्याचा मोह आवरलेला बरा, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे आणि कुंदा म्हणजे शेवटी आटवलेले दूधच. (लेकीची समजूत तुम्हीच काढा!) रेल्वे आणि विमान यांची तिकिटे वेगळी असल्याने गाडीच्या उशिराची जबाबदारी विमान कंपनी घेत नाही, म्हणून एक दिवस आधी निघून मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करावा आणि उड्डाणाच्या तीन तास आधी विमानतळ गाठावा.