वाचक विचारतात: फेरिटिनच्या पिंजऱ्यात चुंबक

प्रश्न: रिकाम्या फेरिटिनमध्ये (लोह साठवणारं, पोकळ पिंजऱ्यासारखं प्रथिन) मॅग्नेटाइट (लोहाचं चुंबकीय ऑक्साइड) वाढवताना तळाशी तपकिरी गाळ बसतो. काय चुकतं? आणि हे कण हार्ड डिस्कला चालतील का?
– एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: गाळ म्हणजे लोह पिंजऱ्याबाहेरच साचलं. बहुधा ते घाईने ओतलं गेलं, नाहीतर ऑक्सिजन शिरला. फेरिटिन ज्यात असतं ते मिठाचं पाणीच नव्हे, लोहाचं द्रावणही आधी त्यातून नायट्रोजन वायूचे बुडबुडे सोडून ऑक्सिजनमुक्त करा. हे दुसरं हमखास राहून जातं. तापमान 65 अंश, पीएच 8.5. फेरस अमोनियम सल्फेट (हेच लोहाचं द्रावण) आणि हायड्रोजन पेरॉक्साइड 3:1 या रेणुप्रमाणात, एकाच वेळी, थेंबाथेंबाने सोडा. वेग दर पिंजऱ्यामागे मिनिटाला साधारण 100 लोह-अणू. अभिक्रियेत आम्ल सुटतं, म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच सतत सांभाळा. शेवटी उरलेलं लोह सायट्रेटने बांधा. द्रावण काळपट पण स्वच्छ दिसायला हवं.

डिस्कचं मात्र अवघड आहे. आतली पोकळी जेमतेम 8 नॅनोमीटरची. एवढ्या मॅग्नेटाइटची चुंबकदिशा खोलीच्या तापमानाला आपोआप उलटते, माहिती टिकत नाही. त्यासाठी लोह-प्लॅटिनम किंवा कोबाल्ट-प्लॅटिनम लागतं. पण त्यांची स्फटिकरचना नीट लागायला 500 अंशांच्या वर तापवावं लागतं. तिथे प्रथिनाचा कोळसा होतो आणि शेजारचे कण एकमेकांना चिकटतात. खरी अडचण ती आहे.